नावाड्याचा हात

"डावा हात," ताई म्हणाली. "जुन्या सिनेमात त्यानं डावा हात हलवलाय. टोपी छातीशी. तुम्ही उजवा हलवलात, काका."

नावाडी झालेल्या म्हाताऱ्या नटानं आपल्या दोन्ही हातांकडे आळीपाळीनं पाहिलं. "अगं बाई, त्या शेळीला काय फरक पडतो?"

शेळीला खरंच काही फरक पडत नव्हता, कारण शेळी नव्हतीच. काठीच्या टोकाला एक हिरवा चेंडू होता आणि त्या चेंडूकडे बघून काकांनी गलबलून जायचं होतं. शेळी पुढे कॉम्प्युटरवर येणार होती. खाली निळ्या कापडाचा समुद्र, मागे हिरवी भिंत, वर दिवेच दिवे. एकदा दार लागलं की बाहेर सकाळ आहे की संध्याकाळ, याचा पत्ता नसे.

समुद्र बघायला निघालेल्या शेळीचा तो जुना कार्टूनपट लहानपणी पाहिला नाही असा माणूस विरळाच. आता तोच खरी माणसं घेऊन पुन्हा करायचं स्टुडिओनं ठरवलं होतं. आणि दिग्दर्शक कोण? तर पिंट्या! ताईचा धाकटा भाऊ. त्याच्या सिनेमांवर लोक पानंच्या पानं लिहीत आणि महोत्सवांत उभं राहून टाळ्या वाजवत. बाई पाणी भरतेय, तर हंडा भरेपर्यंत कॅमेरा जागचा हलायचा नाही. बक्षीस मिळालेल्या प्रत्येक सिनेमाला आईला मात्र गाढ झोप लागली होती. यंदा तिनं शेजारीपाजारी सांगून ठेवलं होतं, "या वेळी कळेल असा करतोय हो!"

पिंट्याच्या पहिल्या सिनेमापासून ताई त्याच्याबरोबर होती. मागच्या शॉटमध्ये कोणतं बटण उघडं होतं, कपात चहा किती होता, हे ध्यानात ठेवणं तिचं काम. इथे तेच काम उलटं फिरलं होतं. समोर दोन पडदे. एकावर जुना कार्टूनपट, दुसऱ्यावर आत्ताचा शॉट. दोन्हीकडे बघायचं आणि "जुळतंय" किंवा "जुळत नाही" एवढंच बोलायचं. तिनं जुळतंय म्हटल्याशिवाय स्टुडिओच्या मॅडम पुढचा शॉट लावू देत नसत. म्हणजे भावाच्या पायातली बेडी बहिणीच्याच तोंडी! मॅडम स्वभावानं वाईट नव्हत्या, हीच खरी पंचाईत. वाईट असत्या तर कडाकडा भांडता तरी आलं असतं.

आणि सोडून जायचं तर जायचं कुठे? "हा एक करा, मग तुमचा करू," असं स्टुडिओनं पिंट्याला सांगितलं होतं. काल त्यात भर पडली होती. शेळीचं पुढे काय झालं, तो दुसरा भागही त्यानंच करावा, मग त्याचा.

आज सकाळी गाडीत पिंट्यानं तिच्यापुढे चक्क हात जोडले होते.

"ताई, या सगळ्या सिनेमात एक शॉट माझा असू दे. एकच. नावाडी शेळीला निरोप देतो तो."

"मॅडमना सांग की."

"सांगितलं. म्हणाल्या, लोक त्या हाताची वाट बघत असतात. हात हललाच पाहिजे."

"मग आता?"

"मग तू आहेस ना. तू नुसतं जुळतंय म्हण. उद्या सेट मोडतोय, काका दुसऱ्या कामाला जातायत. पुन्हा घेतो म्हटलं तरी कुणाला घेता यायचं नाही."

"आणि माझं काय होईल रे? खोटं बोलणाऱ्या बाईला या कामावर कोण उभं करील?"

पिंट्या खिडकीबाहेर बघू लागला. कितीतरी दिवसांत त्याचं तोंड असं उजेडात धड दिसलं नव्हतं. गाल बसले होते, केस पिकले होते. जाऊ दे गेलं काम तर, असं ताईनं तिथेच ठरवून टाकलं.

डाव्या हाताचा सराव झाला, कॅमेरा लागला, आणि पिंट्यानं काकांच्या कानात काहीतरी सांगितलं.

शॉट सुरू झाला. चेंडू दूर दूर गेला. काकांनी हात हलवला नाही. ते पाठमोरे झाले, नावेत बसले आणि दोर गुंडाळू लागले. मध्येच वेढे चुकले. त्यांनी सगळा दोर सोडला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. बस्, एवढंच. पण चेंडूवाला काठी खाली करून बघत राहिला आणि ताईचे डोळे भरून आले. हा तिचा पिंट्या होता! मेला कुठे दडी मारून बसला होता इतके महिने?

"कट," पिंट्या म्हणाला.

मॅडम वळल्या. "ताई?"

ताईच्या उजव्या बाजूच्या पडद्यावर कार्टूनमधला नावाडी दणकून हात हलवत होता. तिनं त्याच्याकडे बघितलंच नाही.

"जुळतंय," ती म्हणाली.

मॅडमनी एका पडद्याकडे पाहिलं, मग दुसऱ्या. लहान पोरानंही सांगितलं असतं इतका फरक होता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"ताई म्हणतात तर जुळत असेल," त्या म्हणाल्या. "पुढचा लावा."

ताईनं सुटकेचा श्वास सोडला. आता बोला! सगळं सुरळीत झालं होतं.

"थांबा," पिंट्या म्हणाला. "अजून एकदा घेऊ. हात राहिलाय."

ताईला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. तिनं त्याला दंडाला धरून हिरव्या भिंतीमागे ओढत नेलं.

"डोकं ठिकाणावर आहे का? त्या हो म्हणाल्या! सकाळी हात कुणी जोडले होते? मी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले रे, पिंट्या!"

"चिडू नकोस गं." तो खरोखर गोंधळला होता. "ते दोर गुंडाळत होते ना, तर मी आपला वाट बघत होतो, हे हात कधी हलवतायत. मला दुसरं काही दिसेचना. बघणाऱ्याला चुकल्यासारखं नाही का वाटणार?"

"तुझी ती बाई अख्खा हंडा भरायची, तेव्हा नाही वाटलं चुकल्यासारखं?"

"ते मी कसं करायचो गं, ताई?"

तो मनापासून विचारत होता. तिला प्रत्येक सिनेमातलं प्रत्येक बटण सांगता आलं असतं. हे कुठून सांगणार?

"चल," ती म्हणाली. "सगळे खोळंबलेत."

काकांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घातले. टोपी छातीशी गेली, डावा हात हलला, गालावरून थेंब ओघळला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ताईला कुणी विचारण्याची गरजच पडली नाही.

मॅडम दाराकडे निघाल्या, तिच्या खुर्चीपाशी थांबल्या. "मी तो शॉट जाऊ दिला होता," त्या हळूच म्हणाल्या.

"माहीत आहे मला," ताई म्हणाली.

तिकडे पिंट्यानं घरी फोन लावला होता. "हो आई, हलवला हात! तुला आवडायचा तस्साच... नाही गं, यात झोप नाही लागायची तुला, पैज लावतेस?" तो मोठमोठ्यानं हसत होता. इतका मोकळा तो कित्येक वर्षांत हसला नव्हता. त्या हसण्यात खोटं काहीच नव्हतं, आणि त्याचीच ताईला भीती वाटली.

"ताई!" त्यानं फोनवर हात ठेवून हाक मारली. "आई विचारतेय, हा सीन बघून लहानपणी रडायचीस, तशी आज रडलीस का?"

ताईनं दोन्ही पडदे बंद केले.

"रडले म्हणावं," ती म्हणाली.