खुंटीवरची कॅरॅव्हॅन

दुपारी दोन वाजून पाच मिनिटांनी विनिफ्रेड क्रॅबट्रीने नवऱ्यासकट कॅरॅव्हॅन, त्यांचे सुट्टीतले चाकांवरचे घर, खुंटीवरून हलवली.

बाहेर उन्हात छत्तीस अंश होते. आत, पलंगाच्या डोक्याशी टांगलेल्या तापमापकात एकोणचाळीस. सेड्रिक क्रॅबट्री, वय शहात्तर, हृदय अर्धेमुर्धे काम करणारे, खिडकीजवळच्या बाकावर नुसत्या बनियनवर बसला होता, आणि अकरा वाजल्यापासून त्याला घाम येत नव्हता. विनिफ्रेडने तीस वर्षे इस्पितळात वॉर्ड सांभाळला होता. घाम थांबणे म्हणजे काय, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

सेड्रिकला मात्र सगळे सांगावे लागे, आणि सांगून उपयोग नसे.

सकाळी तो चंदेरी पडदे लावत होता. काचेच्या आतून.

"बाहेरून लाव," ती म्हणाली. "ऊन काचेतून आत आल्यावर त्याला अडवून काय मिळणार?"

"खोक्यावर 'आतून लावा' असं लिहिलंय."

"ते थंडीसाठी, सेड्रिक. ऊब आत राहावी म्हणून. तेच खोकं आहे हे, जानेवारीतलं."

"खोकं बनवणाऱ्यांना तुझ्यापेक्षा जास्त कळत असेल."

चाळीस वर्षे तो कॅरॅव्हॅनवाल्यांच्या क्लबचा सभासद. त्यातली बारा वर्षे तो स्वतः मेळाव्यांच्या ठिकाणी शिट्टी गळ्यात अडकवून लोकांच्या गाड्या खुंट्यांना लावून घेत असे. प्रत्येक जागेला एक पांढरी खुंटी; कॅरॅव्हॅनचा मागचा डावा कोपरा त्या खुंटीला टेकलाच पाहिजे, तोंड रस्त्याकडे. म्हणजे आग लागली तर गाड्यांत अंतर राहते, आणि आग लागली नाही तर ओळ सरळ दिसते. विनिफ्रेडच्या मते दुसरे कारण खरे होते.

या जागेवर तोंड रस्त्याकडे म्हणजे समोरची मोठी काच भर दक्षिणेला. फ्रिजची उष्णता बाहेर सोडणाऱ्या जाळ्याही उन्हातच. दूध फाटले होते आणि लोणी चमच्याने वाढावे लागत होते. जागेच्या मागच्या भागात मात्र ओकच्या झाडाची गार सावली पडली होती, कुणाच्याही उपयोगाची नाही अशी. कॅरॅव्हॅन उलटी फिरवून चार मीटर मागे नेली की काच उत्तरेला, फ्रिज सावलीत, छत झाडाखाली. लहान मुलालाही सुचावे असे.

ती साडेबाराला कॅरॅव्हॅनतळाच्या व्यवस्थापकाकडे, टिडमार्शकडे, गेली. हा माणूस अर्ध्या चड्डीला इस्त्री करत असे.

"खुंटीचा नियम आहे, मिसेस क्रॅबट्री."

"शेजारच्या गाडीपासून साडेसात मीटर अंतर राहतं. मी टेपने मोजलंय. तुम्हाला सहा हवंय."

"अंतराचा प्रश्न नाही. तुम्हाला परवानगी दिली तर उद्या सगळेच मागतील."

"मागू देत की. सगळेच शिजतायत."

"लेखी अर्ज द्या. समिती गुरुवारी बसते."

"गुरुवारी माझा नवरा बसलेला असेल की नाही, ते समितीला विचारा."

टिडमार्शने तिच्याकडे असे पाहिले, जणू ती हवामान बदलायला सांगत होती.

परतताना पलीकडच्या जागेवरच्या रॉडनीने हाक मारली. त्याने पाचशे पौंडांचे वातानुकूलन यंत्र आणले होते, आणि गरम हवेची नळी दारापुढच्या बंद कापडी मांडवात सोडली होती. मांडवातून ती हवा दाराने परत आत जात होती.

"मशीन मस्त चालतंय, विनिफ्रेड! पण आत काही थंड होईना बघ."

"आश्चर्य आहे," विनिफ्रेड म्हणाली आणि पुढे गेली.

सेड्रिक तसाच बसला होता. पाय सुजून घोट्यांची हाडे दिसेनाशी झाली होती.

"बाहेर झाडाखाली चल. मी धरते."

"या पायांनी? सगळी रांग बघेल."

"बघू दे."

"मी इथे लोकांच्या गाड्या लावून दिल्यात, विनी. बनियनवर फरफटत नाही जाणार. आत बरं आहे."

"आत एकोणचाळीस आहे. मी गाडी फिरवते."

"खुंटीवरून? खबरदार." त्याची जीभ जड झाली होती, पण या शब्दांना धार होती. "हलवताना आत माणूस नको, हाही नियम आहे. आणि मी उतरणार नाही."

हा त्याचा डाव होता. स्वतःच्याच अंगावर ओढलेला, आणि तरी तो खूश दिसत होता. विनिफ्रेडला त्या क्षणी त्याची इतकी घृणा वाटली की हात आपोआप कामाला लागले.

अर्ध्या तासात तिने आपला कापडी मांडव उतरवला, विजेची वायर काढली, चारही टेकू वर केले. चाकांना जोडलेल्या मोटरचा रिमोट हातात घेतला आणि बटण दाबले. दीड टनाची कॅरॅव्हॅन गोगलगाईसारखी वळू लागली. काचेमागे सेड्रिक, टेबल दोन्ही हातांनी धरून, उत्तरेकडे फिरत गेला. रॉडनीने फोटो काढला.

दोन वाजून एकोणीस मिनिटांनी गाडी ओकखाली उभी होती. तिने छतावरची झडप उघडली, सावलीच्या बाजूच्या खिडक्या उघडल्या, चंदेरी पडदे बाहेरून लावले. पावणेतीनला तापमापक छत्तीसवर आला. तीनला पस्तीस. ती टॉवेल भिजवायला नळावर गेली.

तेवढ्यात टिडमार्श तक्रारीचा कागद लावलेला पुठ्ठा घेऊन पोचला.

आणि सेड्रिक उतरला. जो माणूस जिवासाठी पायरी उतरायला तयार नव्हता, तो खुंटीसाठी उतरला. विनिफ्रेड परतली तेव्हा तो भर उन्हात रिकाम्या खुंटीशेजारी घडीच्या खुर्चीवर बसून जबाब देत होता.

"मी विरोध केला होता. तसं लिहा."

"लिहिलंय, मिस्टर क्रॅबट्री. इथे सही करा."

सही ओळीवरून खाली घसरली. पेन गवतात पडले, आणि त्याने ते उचलायचा प्रयत्नही केला नाही.

विनिफ्रेडने मनगट धरले. एकशे अठरा, आणि अनियमित. कातडी कोरडी, तव्यासारखी.

"तो पुठ्ठा टाका आणि खुर्ची धरा," ती टिडमार्शला म्हणाली.

"मला आधी हे पूर्ण—"

"धरा!"

वॉर्डमधला आवाज होता तो. टिडमार्शने पुठ्ठा टाकला. दोघांनी खुर्चीसकट सेड्रिकला ओकखाली नेले. रॉडनीने बर्फाची पिशवी आणली. आज दिवसभरात त्याने केलेले ते पहिले शहाणपणाचे काम. तिने ती टॉवेलात गुंडाळून नवऱ्याच्या काखेत ठेवली आणि रुग्णवाहिकेला फोन लावला.

"कोपरा... टेकला का?" सेड्रिकने विचारले. डोळे उघडले नव्हते.

ती नाडी मोजत होती.

टिडमार्शने गवतातला पुठ्ठा उचलून झटकला. "सहापर्यंत गाडी परत खुंटीवर लागली पाहिजे," तो म्हणाला, पण बाजूला बघत.

तीन वाजून पन्नास मिनिटांनी कॅरॅव्हॅनच्या आत बत्तीस अंश होते. चारला फोनवरच्या बाईने सांगितले की आज उन्हामुळे फोन फार आहेत, रुग्णवाहिका अजून नेमलेली नाही, पेशंट शुद्धीवर आहे का? तेव्हा नाडी एकशे दहा होती, आणि सेड्रिक हाकेला ओ देत होता, पण प्रत्येक वेळी नाही.