घेणारी कोण?

झुंबरबाईचा नवरा मगन धुळ्याच्या गुरांच्या बाजारात दलाली करायचा. त्याच्या धंद्यात घेणारा कोण हे लांबून ओळखू यायचं. बैलाचा जबडा उघडून दात बघतो तो, उपरण्याखाली बोटं दाबून भाव करतो तो. झुंबरबाईचा भाऊ खेडोपाडी कापूस घ्यायचा. तो ढिगात कोपरापर्यंत हात घालून आतली ओल चाचपायचा. पण झुंबरबाई पडली बोहारीण, जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देणारी.

"तुझा धंदाच उफराटा," मगन चिडवायचा. "तुला वाटतं तू लुगडं घेतलंस, त्या बाईला वाटतं तिनं पातेलं घेतलं. दोघी गिऱ्हाइकं! मग विकणारी कोण?"

"तुम्ही चहा प्या, निवतोय," ती म्हणायची.

सून मेघाला नववा लागला, तशी झुंबरबाई दुपट्याच्या शोधात लागली. बाळाचं पहिलं दुपटं नवं नसतं आणि विकतचंही नसतं. भरल्या घरातल्या म्हाताऱ्या बाईचं धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं मागून आणायचं. देणारीचा आशीर्वाद त्या कापडातून लेकराला लागतो. हे झुंबरबाईनेच आजवर दहा घरी सांगितलं होतं.

मंगळवारी दुपारी ती सोनगीरला किल्ल्याखालच्या गल्लीतून पाटी घेऊन चालली होती. ऊन असं होतं की कुत्रीही गटाराच्या कडेला निपचित पडलेली. एका अर्धवट उघड्या दारात एक म्हातारी उभी दिसली. अंगाने काडी, केस कापसासारखे पांढरे. तिने न बोलता घडी केलेलं लुगडं पुढे केलं. झुंबरबाईने हात लावला आणि तिचा जीव त्यावर जडला. सायीसारखं मऊ. हेच आपल्या नातवंडाचं.

"काय देऊ आक्का? डबा घ्या, चांगला झाकणाचा."

म्हातारीने पाटीतल्या सगळ्यात लहान वाटीवर बोट ठेवलं. "ही दे माय. दूध पेवाले."

बाया तासभर घासाघीस करतात, आणि हिला नुसती वाटी! तीस वर्षांच्या सवयीने झुंबरबाईचा हात चालला. वाटी दिली, लुगडं गाठोड्यात घातलं. घालताना जाणवलं, ते ऊबदार होतं. उन्हातलं कापड वेगळं तापतं. हे आत्ताच कुणीतरी अंगावरून उतरवल्यासारखं होतं.

"झालं ना घेणं?" म्हातारीने विचारलं.

"झालं की."

घरी मेघाने लुगडं मांडीवर घेतलं आणि पोटातल्या बाळाने अशी लाथ मारली की ती खळखळून हसली. दुसऱ्या दिवशी मात्र बाळ गप्प. मेघा घाबरली. दवाखान्यात तपासलं, ठोके उत्तम होते. घरी येऊन तिने लुगडं मांडीवर ओढलं आणि बाळ हललं. बाजूला ठेवलं, थांबलं. पुन्हा घेतलं, हललं. दोन दिवस हेच चाललं.

"आई," शुक्रवारी रात्री मेघाने हळूच विचारलं, "हे मागूनच आणलंत ना?"

झुंबरबाई लुगड्याकडे बघत म्हणाली, "वाटी दिली गं त्यावर."

"म्हणजे विकत घेतलं." मेघाने लुगडं दूर सारलं, दोन्ही हात पोटावर ठेवले. "आणि आई, त्या म्हातारीनं खरं काय घेतलं?"

शनिवारी तुळशीला पाणी घालून, तोंडात घासही न घेता झुंबरबाईने सोनगीरची एसटी धरली. त्या दारात चाळिशीची एक बाई आली. रत्ना तिचं नाव.

"इथल्या आक्कांनी मंगळवारी मला लुगडं दिलं होतं. परत द्यायला आले."

रत्ना हसली. "मन्ही सासू? रुक्माबाई? तीन वरीस व्हयनात माय, खाटवर शे ती. दारमा कशी ई?" तीन वर्षं खाटेवरून न उठलेली बाई दारात येणार कशी! मग तिची नजर लुगड्यावर गेली आणि हसू विरलं. "हे पेटीत होतं. किल्ली माझ्या कमरेला आहे."

आतल्या खोलीत खाटेवर तीच म्हातारी होती. छातीशी मूठ आवळलेली, मुठीत वाटी.

"मंगळवारपासून सोडत नाहीत," रत्ना कुजबुजली. "भाकरी तोंडात घेत नाहीत. नुसतं दूध मागतात."

झुंबरबाईने लुगडं खाटेच्या पायथ्याशी ठेवलं. "आक्का, व्यवहार फिरवू या. तुमचं तुम्हाला, माझं मला."

रुक्माबाईने डोळे उघडले. आवाज मात्र खणखणीत होता. "फिरवायला तू कुठे काही घेतलंस? घेतलं मी."

"काय घेतलं?"

"जागा."

रत्नाने दाराची चौकट घट्ट धरली. झुंबरबाईच्या डोळ्यांपुढे मेघा आली, पोटावर हात ठेवून बसलेली. ओढून वाटी काढावी, पळत सुटावं, असं मनात आलं. पण ओढून घेतलं तर तेही घेणंच. ती खाटेशी गुडघे टेकून बसली आणि तिने पदर पसरला.

"आक्का, मी घेतलं ते चुकलं. आता मागते. तुम्हाला यायचंच असेल तर माझं घर उघडं आहे. पण घेणारी म्हणून हक्क सांगत नका येऊ. लेकरू होऊन या. माझ्या मेघाला आई म्हणत या."

मग म्हातारीचं एकेक बोट सुटत गेलं आणि वाटी गोधडीवर कलंडली. रत्नाने लुगडं उचललं आणि कुणी न सांगता, दोन्ही हातांनी झुंबरबाईच्या पदरात घातलं.

फोन वाजला. मगन ओरडत होता, "कुठे आहेस? मेघाला कळा सुरू झाल्या!"

ती उठली, तेव्हा रुक्माबाई कुणाच्याही मदतीशिवाय कुशीवर वळली. गुडघे पोटाशी घेतले. डोळे मिटलेले, आणि बोळक्या तोंडातून चुटचुट आवाज येऊ लागला, जसा पिणाऱ्या बाळाचा येतो.

"हलवू का?" रत्ना रडवेली झाली. "जागं करू का त्यांना?"

"नको," झुंबरबाई अगदी हळू म्हणाली. "निजू दे लेकराला."