वेदीवरचा पाव

पाव फुटला, आणि तोही बरोब्बर वर उमटवलेल्या शिक्क्याच्या क्रुसातून आडवा. झाम्फिराने तो भट्टीतून काढला आणि मटकन खाली बसली. जाळ जास्त झाला होता, दुसरं काही नाही. हे डोक्याला कळत होतं हो, पण मन काही ऐकायला तयार नव्हतं.

आमच्याकडे चर्चच्या वेदीवरचा पाव विधवाच भाजते. मनात कुणाबद्दल वाकडं नको, आणि मळताना तोंडात प्रार्थनेशिवाय शब्द नको. कित्येक वर्षं हा मान डोम्निकामावशीचा होता. झाम्फिराला तो हवा होता. इतका हवा होता, की गेल्या सुगीत ती फादर तोआदेर यांच्यापुढे जाऊन म्हणाली, "मावशीचे हात थरथरतात. ते एक वेळ असू दे, पण कणीक मळताना ती सुनेला शिव्याशाप देते. मी या कानांनी ऐकलंय!"

हात थरथरायचे, हे खरं. शिव्या मात्र झाम्फिराच्या पदरच्या. फादर भोळा माणूस. त्यांनी 'आता आराम करा' म्हणून मावशीकडचा पावावर क्रूस उमटवायचा लाकडी शिक्का काढून झाम्फिराच्या हाती दिला. मावशीने का म्हणून विचारलंही नाही.

तेव्हापासून झाम्फिरा मळायला बसली की 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणायची आणि पुढचं तिला म्हणवायचं नाही. त्यात आज पवित्र गुरुवार, ईस्टर तीन दिवसांवर. आजच्याच पावातून मावशीला प्रभुभोजन, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर म्हणून घ्यायचा घास, जायचं होतं. मावशीने अंथरूण धरलं होतं, आणि ती ईस्टर बघेल असं कुणालाच वाटत नव्हतं.

"फादर, दुसरा भाजते ना," झाम्फिरा काकुळतीला आली.

"अगं, भेगेतून देव काय सांडतो होय? आण इकडे. आणि उपासना झाली की मावशीकडे ये, तिने शेजारपाजार बोलावलाय."

प्रभुभोजनाआधी ज्याची त्याची माफी मागायची, ही रीत. समोरच्याने म्हणायचं, 'देव तुला माफ करो.' मावशीने अंथरुणातूनच सुनेची, राफिलाची, माफी मागितली. मग मान वळवली.

"झाम्फिरा, माझा शिक्का गेला तेव्हा मी मनातल्या मनात तुझ्यावर जळ जळ जळाले. तुझा पाव करपू दे म्हणाले. माफ कर गं बाई."

आता चार शब्द बोलायचे आणि सुटायचं. झाम्फिराने तोंड उघडलं आणि ढसाढसा रडायलाच लागली.

"माफी कसली मागतेस मावशी! तू शिव्या देतेस असं मीच फादरना सांगितलं. सगळं खोटं होतं. मला शिक्का हवा होता."

राफिलाने तोंडावर हात ठेवला. फादर तर पांढरेफटक पडले. मावशीने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"मावशी," फादर हळूच म्हणाले, "मनात राग ठेवून हे घेता येत नाही."

"मग न्या परत."

झाम्फिराचा जीव चरकला. अरे देवा, हे काय करून बसले मी! स्वतःचं ओझं उतरवलं ते थेट मरणाऱ्या बाईच्या छातीवर. आधी हिचा शिक्का काढून घेतला, आता हिच्या तोंडचा ख्रिस्तही!

"मावशी, मला लाथ मार, पण हे नाकारू नकोस."

मग मावशी भिंतीशीच बोलली, "मला जमत नाहीये, झाम्फिरा. खोटं कशाला बोलू? मला जमत नाहीये, म्हणून त्यालाच सांगते. देव तुला माफ करो." मग ती कण्हत वळली. "फादर, एवढ्यावर चालतं का?"

फादरनी डोळे पुसले आणि द्राक्षारसात भिजवलेल्या घासाचा चमचा हातात घेतला. राफिला तांबडा रुमाल घेऊन पुढे झाली. घास सांडू नये म्हणून तो हनुवटीखाली धरतात.

"तू नको," मावशी म्हणाली. "तिला धरू दे."

झाम्फिराने रुमाल धरला. कितीही दाबला तरी तो हलतच होता. मावशीने घास गिळला, डोळे मिटले आणि रुमालावरची झाम्फिराची बोटं चाचपली.

"हात थरथरतायत गं तुझे," ती पुटपुटली. "असू दे. मी नाही कुणाला सांगणार."