न घासलेलं पातेलं

"अक्का, हौदातली बुरशी कुठं गेली?"

जगदेवप्पानं विचारलं, तेव्हा नागूबाई खराटा टेकवून हसली. शाबासकीच मिळणार होती तिला.

"घासली की, अण्णा! उद्या साहेब लोक यायलेत न्हवं? ब्लीचिंग टाकून सगळी खडी लख्ख केली बगा."

डेअरीचा हा केमिस्ट येळवसेचं, म्हणजे वेळा अमावस्येचं, जेवण उरकून शेतातून थेट तिच्यासाठी आंबील घेऊन आला होता. हातातला तांब्या तसाच धरून तो हौदाच्या काठावर बसला.

हळ्ळीखेडजवळच्या त्या डेअरीत नागूबाई झाडलोट करायची. कॅन धुतलेलं आंबूस पाणी मागच्या ओढ्यात जाई, आणि ओढ्याकाठची तिच्या वस्तीची विहीर पार नासून गेली होती. जगदेवप्पानं लांबच्या एका कॉलेजातून बुरशी आणली, हौदातल्या खडीवर वाढवली. ओढ्यात जाण्याआधी पाणी हौदातून फिरे आणि ती त्यातली दुधाची घाण खाई. दिवाळीपासून विहिरीचा वास खरंच उतरला होता. साहेबांनी ते बघितलं की मोठा हौद मंजूर होणार होता.

"पर कामून घासलीस, अक्का?"

"आवो, शिळ्या भाकरीवर बुरशी कुणी लावतंय व्हय? आपसूक येती. हितंबी येईल की चार रोजात."

"ही न्हाई येत, अक्का. ही मेली."

नागूबाईचा चेहरा खर्रकन उतरला. वस्तीनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या साली ती नवी नवरी होती. आता आपल्या घराकडं कुणी बोट दाखवायचं न्हाई, असं सासूनं बजावलं होतं. तेव्हापासून तिनं आयुष्यभर घासलंच होतं. आज त्याच हातांनी तिनं वस्तीचं पाणी घालवलं होतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी स्वच्छ हौद आणि त्यातलं घाण पाणी बघितलं, नाकाला रुमाल लावला.

"कुणी केलं हे?"

"माझ्याच हातून झालं, सर," जगदेवप्पा म्हणाला.

दाराआड उभ्या नागूबाईला रडू आवरेना. असा माणूस तिला जन्मात भेटला नव्हता. महिन्याभरात त्याची बदली झाली, हौद बुजवला गेला. बुजवण्याआधी नागूबाईनं खडी उलथीपालथी केली. तळाच्या एका दगडाखाली पांढुरका पुंजका दिसला, तो तिनं पदरात बांधून घरी आणला.

तिच्या घरी आजही भांड्यांची उतरंड आरशासारखी चमकते. फक्त कोपऱ्यातलं एक जर्मनचं पातेलं तेवढं बुरसटलेलं असतं. रोज सकाळी ती त्यात कॅनचं थोडं धुवण ओतते. एकदा सून राख घेऊन पुढं सरसावली.

"त्येला हात लावू नगंस," नागूबाई म्हणाली. "अण्णा परत आले तर लागंल."

मग तिनं घागर उचलली आणि वस्तीची पुन्हा नासलेली विहीर ओलांडून ती लांबच्या विहिरीकडं निघाली.