दुमडलेला कोपरा

"ताई, आला वाटतं तुमचा मेकॅनिक," ती फोनवर म्हणाली. "थांबा हं, दार उघडते."

कडी निघाल्याचा आवाज आला. मग लोखंड हाडावर आपटल्याचा. ती किंचाळली, "पत्ता कुणी दिला तुला?" त्यानंतर नुसते घाव ऐकू येत राहिले, आणि मधूनमधून तिच्या नवऱ्याचा शांत आवाज. "कंपनीनंच पाठवला. मेसेज आला ना मला."

वॉशिंग मशीन दुरुस्त करणाऱ्या त्या कंपनीत मी सत्तावीस वर्षे तक्रारी लिहून घेतल्या. दर गिऱ्हाइकाचे एक कार्ड असे. ज्या कार्डावरच्या एखाद्या नंबरावर काही कळवायचे नसे, त्याचा कोपरा मी दुमडायचे. घरातल्या गोष्टी कागदावर कशाला लिहायच्या! तिनेही सांगितले होते, "जुना नंबर त्याच्याकडेच राहिलाय, ताई. तो मला शोधतोय." मी कोपरा दुमडून नखाने दाबला होता.

हे घडले त्याच महिन्यात मोबाइलवरचे मेसेज गिऱ्हाइकांच्या माहितीला जोडायचे काम निघाले. एकदा जोडले की मेकॅनिक निघाल्याचा निरोप, पत्त्यासकट, कार्डावरच्या सगळ्या नंबरांवर आपोआप जाणार होता. सगळी कार्डे आधी स्कॅनरमधून काढायची होती.

"मावशी, कोपरे तेवढे सरळ करून द्या. अडकतायत," कॉम्प्युटरवाली म्हणाली.

"करते की. माझी कंबर कोण सरळ करणार, ते सांग!"

दोघी हसलो. दोन दिवस बसून मी एकेक कोपरा अंगठ्याने सपाट केला. कोपरा का दुमडलाय, हे तिने विचारले नाही आणि सांगायचे मला सुचले नाही.

खरा मेकॅनिक दहा मिनिटांनी पोहोचला. त्याने हातातला पाना नवऱ्याच्या गुडघ्यावर हाणला, तेव्हा कुठे त्याच्या हातातला लोखंडी गज खाली पडला.

दवाखान्यात तिचा एक डोळा उघडत नव्हता. दोन्ही हात प्लास्टरमध्ये होते. मी म्हटले, "चूक माझी आहे गं. कोपरा मीच सरळ केला."

निघताना मी विचारले, "आता कुठे राहशील?"

सुजलेल्या ओठांनी ती हळूच म्हणाली, "ते तुम्हाला नाही सांगणार, ताई."

ऑफिसात परत आले आणि तिचे कार्ड शोधून काढले. जुन्याच घडीवर कोपरा दुमडायला गेले, तर तो तुटून माझ्या हातात आला.