वायसरचा नारिंगी दोरा

जमिनीखाली हरवलेल्या वस्तू फार हळू बोलतात; म्हणूनच कदाचित दुऐजचे त्यांच्याशी जमले. सत्तावीस वर्षांचा हा तरुण आठवडाभर कुवेत शहरातल्या एका सरकारी कचेरीत कागदांवर शिक्के मारी आणि शुक्रवारी कानांवर हेडफोन चढवून, धातू लागला की शिट्टी घालणारे यंत्र घेऊन वाळवंटात किंवा समुद्रकाठी लोकांच्या हरवलेल्या किल्ल्या आणि अंगठ्या शोधून देई. मोबदला घेत नसे. चहा घेई, तोही उभ्याउभ्या, कारण एकदा बसले की लोक प्रश्न विचारतात. बरोबरीचे मित्र एव्हाना आपापल्या मुलांच्या नावाने 'बू नासर', 'बू तलाल' झाले होते. दुऐजला मूल नव्हते, बायकोही नव्हती. तेव्हा कचेरीतल्यांनी त्याला 'बू सफ्फारा', म्हणजे शिट्टीचा बाप, करून टाकले. तेही नाव त्याने मान खाली घालून स्वीकारले.

धातू शोधणाऱ्या यंत्राच्या गोष्टी त्याने प्रथम वडिलांकडून ऐकल्या. आखाती युद्ध संपल्यावर सुरुंग काढणाऱ्या परदेशी पथकाबरोबर ते दुभाषे म्हणून याच वाळूत वर्षभर फिरले होते. 'आवाज आला की सगळे जागच्या जागी थिजायचे,' असे ते सांगत. दुऐजच्या यंत्राने आवाज केला की माणसे धावत येत. हा फरक वडिलांना सांगायचा राहून गेला, ही एक गोष्ट त्याला अधूनमधून, विशेषतः मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवताना, आठवे.

मार्चमधल्या त्या शुक्रवारी दुपारी फोन वाजला.

"मी वस्मिया. जर्राहची आजी. जर्राह तुला माहीत नाही, असायचं कारणही नाही. आमची अंगठी हरवलीय. म्हणजे हरवली नाही, फेकलीय. तू जेवलास का?"

"हो... म्हणजे..."

"म्हणजे नाही. ये. मचबूस आहे."

वाळवंटातल्या तंबूंच्या हंगामाचा तो शेवटचा दिवस होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तंबू उतरायचे आणि मागोमाग जमीन सपाट करणारी अजस्र गाडी फिरायची. एकदा ती फिरली की वाळू पुन्हा वाळू होते. कोण कुठे बसले होते, कोण कोणाशी भांडले होते, याची खूणही उरत नाही.

दुऐज पोहोचला तेव्हा सगळे कुटुंब तंबूंसमोरच्या टेकाडावर पिठाच्या चाळण्या घेऊन वाळू चाळत होते.

"आला बाबा शिट्टीवाला!" जर्राहचा धाकटा भाऊ मुसाइद ओरडला. "आत्तापर्यंत तीन झाकणं, एक चमचा आणि माझा गेल्या वर्षीचा चष्मा सापडलाय. अजून दोन दिवस चाळलं तर तेलही लागेल."

"तू चाळ. तोंड बंद ठेवून चाळ," आजी म्हणाली. वस्मिया खुर्चीत बसून काठीने सगळ्यांना जागा वाटून देत होती.

हकीकत थोडक्यात अशी होती. अंगठी जर्राहच्या दिवंगत आईची. गेल्या वर्षी लग्नात जर्राहच्या वडिलांनी, म्हणजे बू जर्राहने, ती स्वतःच्या हाताने सुनेला, सबीकाला दिली. काल दुपारी नवराबायकोचे वाजले आणि सबीकाने ती या टेकाडाकडे भिरकावली. आणि आज असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजानंतर बू जर्राह हंगामाचे शेवटचे जेवण जेवायला शहरातून यायचे होते.

सबीका शेवटच्या चाळणीपाशी उभी होती. तिने दुऐजला एकच विचारले, तेही इतक्या हळू की त्याला हेडफोन काढावा लागला.

"असरच्या आत मिळेल?"

"प्रयत्न करतो."

"ते रागावणार नाहीत," ती म्हणाली. "माझ्या हाताकडे बघतील आणि काहीच बोलणार नाहीत. त्याचीच भीती वाटते."

दुऐजने आजीची अंगठी मागून घेतली, वाळूत पुरली आणि तिच्यावरून यंत्राची तबकडी फिरवली. सोन्याचा मऊ, गोलसर स्वर त्याने मनात साठवला. मग तासभर टेकाड ऐकले. लोखंड घोगरे बोलते, चीजच्या वेष्टनाचा चांदीचा कागद किरकिरतो, आणि पेयाच्या डब्याची कडी सोन्याचा असा हुबेहूब आव आणते की दर वेळी गुडघे टेकून खणावेच लागते. एकोणीस कड्या निघाल्या. अंगठी नाही.

शेवटी त्याने पिशवीतून एक पत्र्याची डबी काढली. तिच्यात निरनिराळ्या मापांचे पितळी वायसर होते आणि प्रत्येकाला हातभर नारिंगी दोरा बांधलेला होता, पडलेला वायसर लगेच दिसावा म्हणून. त्याने अंगठीच्या मापाचा आणि वजनाचा एक निवडला.

"हा बोटात घाला," तो वाळूकडे बघत म्हणाला. "आणि काल फेकलीत तशीच फेका. कुठे पडतो ते बघू."

सबीकाने वायसर बोटात घातला, काढला आणि फेकला. तो सहा पावलांवर जाऊन अदबीने पडला.

"एवढंच?" मुसाइद म्हणाला. "वहिनी, ही अंगठी फेकलीस की कोंबडीला दाणे टाकलेस?"

दुसरा सात पावले गेला. तिसरा तिच्या स्वतःच्याच पायाशी.

दुऐजचे कान लाल झाले. पुढचे वाक्य बोलायला त्याला तीनदा श्वास घ्यावा लागला. "ताई, माफ करा. काल तुम्ही... रागात होतात. तसा राग यायला हवा."

 कामच मिळाल्यासारखे सगळे पुढे सरसावले.

"वहिनी, तुझ्या मचबूसमधला भात खाली लागतो," मुसाइदने सुरुवात केली.

"खाली लागलेला तूच खरवडून खातोस."

"तू गाडी मागे घेतेस तेव्हा शेजारचे आपल्या गाड्या हलवतात."

"ते तर खरंच आहे," सबीका म्हणाली, आणि हसू आवरायला तिने ओढणीचे टोक तोंडावर धरले.

"तुझं नाक तुझ्या बापावर गेलंय," आजीने हातभार लावला.

"यम्मा, माझ्या बाबांचं नाक तुलाच आवडलं होतं. मागणी घालायला आलीस तेव्हा म्हणाली होतीस."

"आवडलं होतं. त्याच्या तोंडावर."

आता तर सबीका मोठ्याने हसू लागली. दुऐज हातात यंत्र धरून उभा होता. त्याच्या आयुष्यात प्रथमच एखाद्या बाईच्या हसण्याने त्याच्या कामाचा खोळंबा होत होता, आणि हे कोणाला कसे सांगावे ते त्याला कळत नव्हते. सूर्य तंबूच्या खांबाखाली उतरू लागला होता.

"थांबा सगळे," आजी म्हणाली. "चहा घ्या. डोकी चालत नाहीत तुमची."

शेगडी स्वयंपाकाच्या तंबूच्या तोंडाशीच होती. सबीकाने उजव्या हातात किटली घेतली आणि डाव्या हातात पेला धरून तो भरू लागली. फेकायचा राहिलेला चौथा वायसर तसाच तिच्या डाव्या हाताच्या बोटात होता. नारिंगी दोरा मनगटाखाली लोंबत होता.

"जर्राह," आजी म्हणाली, "काल तू हिला काय बोललास?"

जर्राह हा उंच, रुंद, एरवी बोलका गडी. तो चपलेने वाळू उकरू लागला. "जाऊ दे ना, यम्मा."

"अंगठी माझ्या लेकीची आहे. जाऊ कशी देऊ? बोल."

"मी म्हटलं..." त्याने एकदा बायकोकडे पाहिले. "आई असती तर चहा असा पांचट झाला नसता."

सबीकाचे हसू मावळले. पण राग आला नाही. तिची मान फक्त जराशी खाली गेली. हे वाक्य तिने काल पहिल्यांदा ऐकले नसावे, असे दुऐजला वाटले. त्याला तिथून निघून जावेसे वाटले. कानांवर हेडफोन होते, पण बंद.

"कोणाचा चहा?" आजीने विचारले.

"आईचा."

"माझ्या लेकीचा? अरे, अल्लाह तिच्यावर दया करो, माझ्या पोटची पोर ती, तिने जन्मात धड चहा केला नाही! एकदा कोरडी किटली शेगडीवर ठेवून फोनवर बोलत बसली तर किटलीचा तळ गळून पडला. तू ज्याला आईचा चहा म्हणतोस ना, तो तुझ्या बापाचा. पहाटे उठून तो करायचा आणि ट्रे तिच्या हातात द्यायचा, मुलांनी आईच्या हातचं प्यावं म्हणून."

वाळू उकरणारा जर्राहचा पाय थांबला.

"वर्षभर!" सबीका म्हणाली. आवाज चढला. "वर्षभर मी वेलची बदलतेय, पाणी बदलतेय, केशर घालतेय, पहाटे उठून मापं लिहितेय, आणि तिला चहाच येत नव्हता! जर्राह, तुझ्या त्या चहाला ना..."

आणि तिने डाव्या हातातला पेला असा झटकला की चहाची तांबडी कमान जर्राहच्या पांढऱ्याशुभ्र पायघोळ दिशदाशाच्या बाहीवरून पलीकडे गेली. चहाबरोबर आणखी काहीतरी गेले. नारिंगी दोऱ्याची एक रेघ हवेत उमटली, तंबूच्या कोपऱ्यावरून मागे पडली आणि दिसेनाशी झाली.

सगळ्यांनी सबीकाच्या बोटाकडे पाहिले. बोट मोकळे होते.

"काल," दुऐज म्हणाला, आणि आपण आपणहून बोलत आहोत याचे त्यालाच आश्चर्य वाटले, "काल चहा कुठल्या हातात होता?"

सबीकाने किटली खाली ठेवली. मग डाव्या हातातला रिकामा पेला वर करून म्हणाली, "याच. मी अंगठी फेकलीच नाही. चहा फेकला, इथूनच. अंगठी ढिली होते म्हणून मी आतून दोरा गुंडाळायचे, तो काल भांडी घासताना भिजला म्हणून काढला होता. नंतर हा म्हणाला, अंगठी कुठेय. बघते तर बोटात नाही. इतका राग आला होता की म्हटलं, फेकली. तिकडे टेकाडावर." ती थांबली. "मग सगळे चाळण्या घेऊन आलात. मग कसं सांगू?"

"म्हणजे दोन दिवस मी उगाच चाळतोय?" मुसाइद म्हणाला.

"चष्मा मिळाला ना तुला? गप बस," आजी म्हणाली.

दुऐज तंबूमागे गेला. वायसर दोऱ्यासकट एका झुडपाखाली पडला होता. त्याच्या पलीकडे, दोन पावलांवर, वाळूची एक तळहाताएवढी खपली दिसली. गोड चहा सांडून वाळला की वाळू अशी कडक होते. तिच्याकडे मुंग्यांची एक शिस्तशीर रांग लागली होती. काल दुपारपासून तिथे मेजवानी चालू होती आणि तंबूतल्या कोणाला निमंत्रण नव्हते. त्याने तबकडी हळूच त्या खपलीवर धरली. कानात तो मऊ, गोलसर स्वर आला, अगदी जवळून, जणू कोणी बराच वेळ हाक मारून आता दमून नुसतेच नाव घेत होते.

त्याने खपली उचलली आणि फोडली. आत अंगठी होती.

सबीकाने ओरडण्याऐवजी खाली बसून दोन्ही हातांनी तोंड झाकले. जर्राह तिच्याजवळ बसला आणि ओल्या बाहीने अंगठीवरची साखर पुसू लागला. "मुंगी आहे," तो म्हणाला. "राहू दे," ती म्हणाली. इतक्यात दूर धूळ उडाली आणि मुसाइद ओरडला, "अब्बांची गाडी!"

अंगठी बोटात गेली आणि लगेच घसरू लागली. सबीकाने घाबरून दुऐजकडे पाहिले. त्याने वायसरचा नारिंगी दोरा सोडला आणि तिच्यापुढे धरला.

बू जर्राह उतरले. सासूच्या कपाळाचे चुंबन घेऊन ते सुनेकडे वळले, तिच्या हाताकडे त्यांची नजर गेली आणि तिथेच थांबली. अंगठीखाली नारिंगी दोऱ्याचे जाड वेटोळे दिसत होते.

"ढिली होते?" त्यांनी विचारले.

"थोडीशी, काका."

"तिलाही व्हायची. दोरा गुंडाळायची. मी म्हणायचो, उद्या सोनाराकडे नेतो." ते जरा हसले. "तेवीस वर्षं उद्याच म्हणत राहिलो. जर्राह, रविवारी हिला घेऊन जा. आणि तुझी बाही अशी कशाने झाली? हा मुलगा कोण?"

जर्राहने तोंड उघडले, पण आजी पुढे होती. "तंबूच्या मेखा शोधायला बोलावलाय. उद्या निघायचं ना? एकही वाळूत राहता कामा नये."

तेव्हा दुऐजने खरोखरच मेखा शोधल्या. सूर्य टेकेपर्यंत त्याने एकेचाळीस मेखा काढल्या, त्यांतल्या काही मागच्या कित्येक हंगामांतल्या. लोखंडाचा घोगरा आवाज एरवी तो टाळे. आज तो त्याला मित्राच्या खोकल्यासारखा वाटला. मेखांचे पोते ओढत तो शेगडीपाशी आला तेव्हा बू जर्राह स्वतः किटलीत चहा टाकत होते. सबीका त्यांच्या शेजारी बसून लक्ष देऊन बघत होती, आणि जर्राह तिच्या मागे उभा राहून त्याहून जास्त लक्ष देऊन.

"यांनी तुला सांगितलं वाटतं," बू जर्राह सासूकडे न बघता सबीकाला म्हणाले. "साखर आधी. पानं नंतर. आणि कोणाला सांगायचं नाही."

आजीने आपल्या शेजारच्या गालिच्यावर काठी आपटली. "बस रे इथं, पोरा."

दुऐजने पेला हातात घेतला. सवयीने तो उभाच होता. मग त्याने हेडफोन गळ्यातून काढून पोत्यावर ठेवले आणि बसला.

"आता सांग," आजी म्हणाली. "तुझं लग्न झालंय का?"

"नाही," दुऐज म्हणाला, आणि उठला नाही.