मुशीच्या तोंडातून परतलेला

मित्रांनो, हवं तर मला घाबरट म्हणा, पण शेगडी पेटल्याचा आवाज आला की आजही मला पळून जावेसे वाटते. मी एक जुना चांदीचा चमचा आहे.

आम्ही सहा भाऊ. एका कारागिराने आम्हाला एकाच कांबीतून घडवले. तापवायचे, ठोकायचे, पुन्हा तापवायचे. भीती तेव्हाही वाटायची. पण प्रत्येक घावाआधी तो आम्हाला बोटाने चाचपून पाहायचा, त्यामुळे धीर यायचा.

पुढे आम्ही एका घरात आलो. भाऊ मखमलीच्या पेटीत मिरवत बसले. मला मात्र घरच्या सुनेने स्वयंपाकघरात पळवले. ती डावखुरी होती. दुधाच्या पातेल्याची खरवड काढून लेकीला भरवायला तिला मीच लागायचो.

“अगं, चांदीच्या चमच्याने पातेली खरवडतेस? अक्कल गहाण टाकलीस का?” सासूबाई ओरडायच्या. ती नुसती हसायची. माझी एक कड झिजून तिरकी झाली.

ती वारली आणि मीही पेटीत पडलो. पेटी कोणी उघडेना. आम्ही सगळे काळेठिक्कर पडलो. मग एक दिवस तिची लेक आम्हाला घेऊन चांदीच्या कारखान्यात गेली.

“हे गाळून एक पेला करून द्या.”

“देतो की. पण मुशीत तुमच्याच हाताने टाका, ताई. आमची रीत आहे तशी. मागाहून हळहळ नको.”

भट्टीवर चांदी वितळवायची मूस लालभडक झाली होती. ताई एकेक भाऊ उचलायची, चिमट्यात धरायची आणि मुशीत सोडायची. आधी दांडा वाकायचा, मग सगळ्याचेच पाणी व्हायचे. मला ओरडायचे होते, पण चमच्याला आवाज कुठला?

शेवटी तिने मला उचलले. डाव्या हातात. तिचे बोट तिरक्या कडेवर अडले. तिने हवेतच पातेले खरवडल्यासारखा हात फिरवला.

“अगं बाई! हा तर आईचा खरवडायचा चमचा!”

“पेला लहान होईल हं.”

“होऊ दे.” तिने मला घट्ट धरले.

मित्रांनो, जुनी वस्तू मोडीत देण्याआधी एकदा हातात घेऊन नीट पाहा. आणि वस्तू नुसत्या जपू नका, वापरा. माझे भाऊ माझ्याहून देखणे होते, पण त्यांच्यावर कोणाच्याच हाताची खूण नव्हती.

आता खरवड काढून झाली की ताई मला धुऊन त्याच नव्या पेल्यात उभा करते. मी मनातल्या मनात पाचही भावांना हाका मारतो. कोणीच ओ देत नाही.